नव्या टबमधल्या मत्स्यकुंडाचे पाणी पुन्हा पुन्हा गढूळ होत असेल तर

अंगणात किंवा परसात मोठा टब ठेवून त्यात मासे आणि पाणवनस्पती सोडल्या की पहिले तीन-चार दिवस तळ स्वच्छ दिसतो, त्यानंतर पाणी आधी दुधाळ आणि मग हिरवे होऊ लागते, आणि अशा वेळी बहुतेक जण जो उपाय करतात तोच ही समस्या कायम ठेवतो. सगळे पाणी उपसले जाते, टब घासून धुतला जातो, ताजे पाणी भरले जाते, आणि आठवड्याभराने पाणी पुन्हा तसेच दिसू लागते. पाणी निर्मळ ठेवणारी जिवाणूंची आणि वनस्पतींची जी व्यवस्था नव्या कुंडात हळूहळू बसत असते, ती दर धुलाईबरोबर मोडते, आणि ताज्या पाण्याबरोबर शेवाळाला लागणारे नायट्रेट आणि फॉस्फेट बहुतेक वेळा नव्याने आत येतात. म्हणून खाली जे काही सुचवले आहे त्याची पहिली अट हीच आहे की टब पूर्ण रिकामा करायचा नाही.

दुसरी एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. पारदर्शक पाणी माशांसाठी सुरक्षित असतेच असे नाही, कारण अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही घातक पदार्थ पाण्यात विरघळल्यावर रंगहीन असतात आणि काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही मासे त्यांच्यामुळे मरतात. उलट हिरव्या पाण्यात मासे अनेकदा उत्तम वाढतात. कार्प जातीच्या माशांची पिल्ले वाढवणारे मत्स्यपालक तळ्यात खत टाकून मुद्दाम पाणी हिरवे करून घेतात, कारण त्या सूक्ष्म शेवाळावर वाढणारे प्लवक हे पिल्लांचे पहिले अन्न असते. तेव्हा घरच्या कुंडात पाणी निर्मळ करण्याची आपली इच्छा मुख्यतः मासे दिसावेत यासाठी असते, आणि त्या इच्छेपोटी माशांना इजा होईल असे काही करू नये.

आधी गढूळपणा कोणता ते ओळखावे

गढूळ हा एकच शब्द आपण चार-पाच वेगवेगळ्या स्थितींना वापरतो, आणि एका स्थितीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. ओळखण्यासाठी एक साधा, रंगहीन काचेचा ग्लास पुरतो. कुंडाच्या मध्यावरून, तळ न ढवळता, ग्लासभर पाणी घ्यावे, त्यामागे पांढरा कागद धरावा आणि उजेडात पाहावे. मग तोच ग्लास झाकून रात्रभर एका जागी न हलवता ठेवावा.

पाणी काढल्यावर पांढरट दिसते पण दोन-तीन मिनिटांत खालून वर निवळत जाते, तर ते केवळ हवेचे सूक्ष्म बुडबुडे आहेत आणि काहीही करण्याची गरज नाही. सकाळी तळाशी मातीचा थर बसला आणि वरचे पाणी स्वच्छ झाले, तर प्रश्न मातीचा आहे. पाण्याला हिरवी झाक आहे आणि ती सकाळीही जवळपास तशीच आहे, तर पाण्यात तरंगणारे एकपेशीय शेवाळ आहे. हिरवेपणा नाही, फक्त धुरकट पांढरेपणा आहे आणि तो रात्रभरात खाली बसत नाही, तर तो बहुधा जिवाणूंचा बहर आहे. आणि पाणी पारदर्शकच आहे पण पिवळसर-तपकिरी रंगाचे आहे, तर ते पान, लाकूड किंवा काथ्यातून उतरलेले टॅनिन नावाचे तपकिरी द्रव्य आहे. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी याखेरीज लोहाची शक्यता ध्यानात ठेवावी: असे पाणी काढताना स्वच्छ असते, पण हवेचा संपर्क आल्यावर त्यातले विरघळलेले लोह ऑक्सिडीकृत होऊन काही तासांत गंजाच्या रंगाचे कण तयार होतात आणि तळाशी बसतात. हे पाणी टबात घालण्यापूर्वी वेगळ्या पिंपात एअर पंपाने एक दिवस ढवळून आणि नंतर निवळवून घेतले की प्रश्न सुटतो.

याच वेळी टबात नेमके किती लीटर पाणी आहे तेही काढून ठेवावे, कारण खाद्य, औषध, पाणीबदल हे सगळे त्यावरच ठरते आणि अंदाज बहुधा दुपटीने चुकतो. गोल टबासाठी ३.१४ ला त्रिज्येने दोनदा गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, सगळी मापे सेंटीमीटरमध्ये घ्यावीत आणि उत्तराला १००० ने भागावे. ९० सेंटीमीटर व्यासाच्या आणि ४५ सेंटीमीटर पाणी असलेल्या टबात यानुसार सुमारे २८५ लीटर पाणी होते. टब खाली निमुळता असेल, आत कुंड्या आणि खडी असेल तर प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी.

दुधाळ पाणी

टब भरल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत पाणी पांढरट होणे हे इतके नेहमीचे आहे की त्याला बिघाड म्हणणेही मला पटत नाही. न खाल्लेले खाद्य, माशांची विष्ठा, नव्या वनस्पतींची कुजणारी पाने यांतून सेंद्रिय द्रव्य पाण्यात उतरते आणि त्यावर जगणारे जिवाणू अनुकूल स्थितीत काही तासांत दुप्पट होतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू मात्र फार सावकाश वाढतात; त्यांना दुप्पट व्हायला बहुतेकदा एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो, आणि त्यांची पुरेशी वसाहत उभी राहायला साधारण चार ते आठ आठवडे जातात. या दोन वेगांमधल्या अंतरात पाणी दुधाळ दिसते. अन्नाचा साठा संपला की पहिल्या प्रकारचे जिवाणू आपोआप कमी होतात आणि पाणी निवळते.

तोपर्यंत दोनच गोष्टी कराव्यात. खाद्य निम्म्यावर आणावे किंवा दिवसाआड द्यावे, कारण निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी राहिले तरी त्यांना अपाय होत नाही. आणि एअर पंप अखंड चालू ठेवावा, कारण हे वाढलेले जिवाणू भरपूर ऑक्सिजन वापरतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर तो ऑक्सिजन कमी पडल्याचा किंवा अमोनियामुळे कल्ले दुखावल्याचा इशारा समजून त्याच दिवशी एक चतुर्थांश पाणी बदलावे. दुधाळपणा तीन आठवड्यांनंतरही टिकला तर काहीतरी कुजत आहे असे मानून शोध घ्यावा: कुंडीखाली मेलेला मासा किंवा गोगलगाय, कमळाच्या कुंडीतून झिरपणारे खत, सडलेला कंद.

सिमेंटच्या नव्या हौदात पांढरेपणा जिवाणूंखेरीज दुसऱ्या कारणानेही येतो. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाण्याचा सामू म्हणजे पीएच १० च्याही वर जाऊ शकतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ पांढरा थर पृष्ठभागावर आणि कडांना दिसू लागतो. असा थर खरवडून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले असता तो फसफसतो. अशा हौदात काही आठवडे पाणी भरून, मधूनमधून बदलून, सामू ८.५ च्या खाली स्थिरावल्यावरच मासे सोडावेत. येथे घाई केल्यास मासे वाचत नाहीत.

हिरवे पाणी

सर्वांत जास्त तक्रारी हिरव्या पाण्याच्या असतात आणि सर्वांत जास्त चुकीचे उपायही याच प्रश्नावर सुचवले जातात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. क्लोरेलासारख्या तरंगत्या शेवाळाच्या पेशी काही मायक्रोमीटर आकाराच्या असतात, तर साध्या स्पंजची छिद्रे त्यांच्या कित्येक पट मोठी असतात. त्यामुळे फिल्टर लहान होता म्हणून पाणी हिरवे झाले आणि मोठा फिल्टर आणला की ते निवळेल, ही समजूत बरोबर नाही. शेवाळाला ऊन आणि विरघळलेली पोषकद्रव्ये या दोन गोष्टी हव्या असतात. नव्या टबात दोन्ही मुबलक असतात आणि त्यांवर हक्क सांगणारी दुसरी वनस्पती अजून रुजलेली नसते.

पोषकद्रव्ये येतात कोठून, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ३५ टक्के प्रथिने असलेले १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्ले की त्यातून साधारण ३० मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात येते. २८० लीटरच्या टबात हे दर लीटरला ०.१ मिलिग्रॅमहून थोडे जास्त भरते, म्हणजे जिवाणू आणि वनस्पती अजून कामाला लागलेल्या नसतील तर रोज १ ग्रॅम खाद्याने पाच दिवसांत अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत पोचतो, आणि ते खाद्य कोणी न खाता तळाशी कुजले तर त्याहूनही जास्त. शेवाळाला हे सारे खतच असते. म्हणून रोज एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य, आणि पहिल्या महिन्यात त्याहूनही कमी, हा नियम कोणत्याही बाटलीबंद औषधापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. मासे जवळ आले म्हणजे ते भुकेले आहेत असा अर्थ काढू नये. माणसाची सावली पडताच पृष्ठभागावर येण्याची त्यांना सवय लागलेली असते.

दुसरा स्रोत कमळ आणि वॉटर लिलीच्या कुंड्यांचा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कमळासाठी म्हणून कुंडीत तळाशी भरलेले शेणखत, गांडूळखत किंवा हाडांचा चुरा, वर मातीचा जाड थर नसेल तर, थेट टबाच्या पाण्यात उतरतो. अशा टबात मासे अगदी मोजके असले तरी पाणी हिरवेच राहते. कुंडीत सेंद्रिय खत न मिसळलेली चिकण माती भरावी, खत द्यायचेच असेल तर सावकाश विरघळणारी गोळी कागदात गुंडाळून मुळांजवळ खोल खुपसावी, आणि वर धुतलेल्या खडीचा दोन-तीन सेंटीमीटर थर द्यावा. वनस्पती नीट रुजून नवी पाने काढू लागेपर्यंत खत न देणेच चांगले. टब जमिनीच्या पातळीला पुरलेला असेल तर पावसाचे वाहते पाणी बागेतले खत आणि माती घेऊन आत येते. कड जमिनीपासून काही सेंटीमीटर वर ठेवणे हा त्यावरचा एकमेव खरा उपाय.

आता उन्हाविषयी. वॉटर लिली आणि कमळाला फुलण्यासाठी रोज पाच-सहा तास ऊन लागते, त्यामुळे टब पूर्ण सावलीत नेणे सर्वांना सोयीचे नसते. पण सकाळचे ऊन मिळून दुपारी सावली पडेल अशी जागा निवडता येते, किंवा नव्या टबावर पहिले दोन महिने दुपारपुरती हिरवी शेडनेट ताणता येते. पुढे पानेच हे काम करतात. पाण्याचा ६० ते ७० टक्के पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की तरंगते शेवाळ सहसा डोके वर काढत नाही. लिलीची पाने पसरायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला पिस्टिया किंवा डकवीड यांसारख्या तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. त्या हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत असल्यामुळे झपाट्याने वाढतात आणि पाण्यातले नायट्रोजन तितक्याच झपाट्याने शोषतात. मात्र वाढलेल्या वनस्पती दर आठवड्याला मूठभर काढून टाकल्या तरच ते नायट्रोजन खऱ्या अर्थाने टबाबाहेर जाते. तेथेच कुजू दिल्या तर सगळे पुन्हा पाण्यात येते. पाण्याखाली वाढणाऱ्यांपैकी हॉर्नवर्ट आणि हायड्रिला उपयोगी आहेत, आणि हॉर्नवर्टला तर मुळे रोवावीही लागत नाहीत. डकवीडने पूर्ण पृष्ठभाग झाकू देऊ नये, कारण त्याखाली उजेडही पोचत नाही आणि हवाही नीट मिसळत नाही.

हिरव्या पाण्यातला खरा धोका रंगाचा नसून दिवस-रात्रीच्या चढउताराचा असतो. दाट शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे दुपारी सामू ९ च्याही वर चढू शकतो, आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरत असल्यामुळे पहाटेच्या सुमारास ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. सामू चढण्याचा परिणाम अमोनियावर होतो: २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ ला सुमारे ५ टक्के, आणि ९ ला सुमारे ३६ टक्के. सकाळी निरुपद्रवी वाटणारे अमोनियाचे प्रमाण दुपारी घातक ठरू शकते ते यामुळे. हिरव्या पाण्याच्या टबात चाचणी दुपारी करावी आणि एअर पंप रात्री कधीही बंद करू नये.

लवकर निवळवायचेच असेल तर काय? यूव्ही क्लॅरिफायर हे उपकरण या एका कामासाठी खरोखर चालते. पंपाने पाणी अतिनील दिव्याजवळून सावकाश नेले जाते, शेवाळाच्या पेशी मरतात आणि एकमेकींना चिकटतात, आणि मग त्या फिल्टरमध्ये अडकतात. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत फरक दिसतो. पण पोषकद्रव्ये तशीच राहिल्यामुळे दिवा बंद केला की हिरवेपणा परततो, आणि दिवा उजळ दिसत असला तरी त्याची जंतुनाशक शक्ती अखंड वापरात साधारण वर्षभराने बरीच घटते, म्हणून तो बदलावा लागतो. उघड्या दिव्याकडे पाहू नये. दुसरा मार्ग म्हणजे टब तीन ते पाच दिवस ताडपत्रीने झाकून अंधार करणे. यानेही पाणी निवळते, पण मेलेले शेवाळ कुजताना ऑक्सिजन खाते आणि अमोनिया सोडते, त्यामुळे ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवून एअर पंप चालू ठेवावा आणि शेवटी एक चतुर्थांश पाणी बदलावे. डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा शेवाळ गाळून खातात आणि मासे नसलेल्या टबात काही दिवसांत पाणी स्वच्छ करतात. मासे असलेल्या टबात त्या स्वतःच खाल्ल्या जातात, म्हणून बाजूला एक छोटे भांडे ठेवून त्यात त्या वाढवणे हा ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी चांगला उद्योग आहे.

शेवाळनाशक रसायने मी छोट्या टबासाठी सुचवणार नाही. त्यांतल्या अनेकांत तांब्याचे संयुग असते. ते गोगलगाईंना मारते, कमी कठीणतेच्या पाण्यात माशांनाही बाधते, आणि २००-३०० लीटरमध्ये मात्रा थोडी जरी चुकली तरी ती सावरायला जागा उरत नाही. शिवाय सगळे शेवाळ एकदम मेले तर त्या रात्री ऑक्सिजन संपून मासे दगावण्याची भीती असते.

टबाच्या भिंतींवर चढलेले मखमली शेवाळ मात्र घासू नये. त्याच थरात उपयुक्त जिवाणू राहतात, आणि भिंतीवरचे शेवाळ वाढून पाणी निवळू लागणे हे टब मुरत असल्याचे लक्षण आहे. लांब धाग्यांचे शेवाळ दिसले तर ते काठीला गुंडाळून ओढून काढावे.

मातकट पाणी

मातीचे कारण बहुधा उघड असते: कुंडीतली माती झाकलेली नाही, खडी न धुता टाकली आहे, किंवा मासे तळ उकरत आहेत. गोल्डफिश आणि कोई हे दोन्ही तळ उकरणारे मासे आहेत, आणि मातीच्या कुंड्या असलेल्या उथळ टबात ते पाणी कधीच निवळू देणार नाहीत. अशा वेळी खडीऐवजी माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे गोटे कुंडीत वर ठेवावेत. खडी टाकण्यापूर्वी बादलीत घेऊन निथळणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी, आणि पाणी भरताना धार थेट तळावर न सोडता ताटलीवर किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीवर सोडावी.

चिकण मातीचे सर्वांत बारीक कण २ मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात आणि त्यांच्यावर समान विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते आठवडेच्या आठवडे तरंगत राहू शकतात. तुरटी हा भार नाहीसा करून कणांचे गुठळे बनवते आणि पाणी निवळते, हे खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न वारंवार विचारला जातो. पण तुरटी पाण्याची अल्कता, म्हणजे सामू स्थिर ठेवणारी क्षमता, खाऊन सामू खाली ओढते, आणि मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याच्या छोट्या टबात ही घसरण माशांना सोसत नाही. टबात मासे नसतील तर तुरटी वापरून, गाळ काढून, नंतर पाणी बदलता येते. मासे असतील तर फिल्टरमध्ये पॉलिस्टरचा दाट कापूस घालावा आणि तो दर दोन दिवसांनी धुवावा. यास वेळ लागतो पण धोका नाही.

तपकिरी रंग आणि तवंग

टॅनिनचा रंग माशांना अपाय करत नाही, किंबहुना त्याच्या सावलीने शेवाळ थोडे कमीच वाढते. तो नको असेल तर पडलेली पाने रोज काढावीत, लाकूड टबात घालण्यापूर्वी काही दिवस भिजवून पाणी बदलत राहावे, आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवावी. तीन-चार आठवड्यांनी तिची शोषणक्षमता संपते.

पाण्यावर तेलकट, चमकदार पापुद्रा येतो तो प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि धूळ यांचा असतो. साधा कागद पृष्ठभागावर पसरून उचलला की पापुद्रा त्याबरोबर येतो, आणि पंपाच्या पाण्याने पृष्ठभाग हलता ठेवला तर पुन्हा जमत नाही.

पाणी बदलायचे कसे

एका वेळी १० ते २५ टक्के, आठवड्यातून एकदा, आणि अमोनिया वाढलेला असेल तर अधिक वेळा, हे प्रमाण नव्या टबाला मानवते. उपयुक्त जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते भिंती, खडी, मुळे आणि फिल्टरचा स्पंज यांवर चिकटून राहतात. म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत, पण टब घासल्याने आणि स्पंज नळाखाली धुतल्याने जातात. स्पंज नेहमी टबातून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा, आणि फिल्टर दिवसाचे चोवीस तास चालू ठेवावा, कारण स्पंजमधले पाणी थांबले की आतल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन उघड्या, पसरट भांड्यात एक-दोन दिवस ठेवल्यास उडून जाते. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असेल तर ते असे उडत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरावे लागते, आणि त्यानेही क्लोरामाइनमधला अमोनिया मागे राहतो, म्हणून एका वेळी थोडेच पाणी घालावे. उन्हात तापलेल्या टबात एकदम थंड पाणी ओतू नये. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरणे म्हणजे पाणीबदल नव्हे, कारण बाष्पाबरोबर फक्त पाणी जाते आणि क्षार व नायट्रेट मागे साचत राहतात.

प्रगती मोजायची कशी

रोज पाहणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही आणि धीर सुटतो, म्हणून मोजमाप हवे. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली नोंदवण्याची पद्धत वापरली, आणि मत्स्यपालक आजही ही तबकडी, म्हणजे सेक्की डिस्क, वापरतात. घरी डब्याचे पांढरे झाकण सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या काठीच्या टोकाला आडवे बसवले तरी चालते. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी मोजावे. झाकण १५ सेंटीमीटरवरच दिसेनासे होत असेल तर पाणी फार दाट आहे आणि रात्रीच्या ऑक्सिजनची काळजी घ्यावी. ३० च्या पुढे गेल्यावर मासे चांगले दिसू लागतात. आणि तळापर्यंत दिसू लागले की झाकणाचे काम संपले.

त्याबरोबर अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी पहिले दोन महिने तरी करावी. लीटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर दोहोंपैकी काहीही दिसले तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी खाद्य बंद करून पाणी बदलावे. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले म्हणजे जिवाणूंची साखळी पूर्ण झाली. थंड पाण्यात ही प्रक्रिया बरीच लांबते आणि १० अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ थांबते, त्यामुळे थंडीत भरलेल्या टबाकडून महिन्या-दीड महिन्यात निकालाची अपेक्षा ठेवू नये.

तीन महिन्यांनंतरही पाणी निवळत नसेल तर

सावली, वनस्पती, खाद्य, कुंडीतले खत हे सर्व तपासून झाल्यावरही पाणी हिरवेच राहत असेल तर मासे मोजावेत. २५०-३०० लीटरच्या टबात गप्पीच्या आकाराचे आठ-दहा मासे हा माझ्या मते योग्य आरंभ आहे, पण गप्पी दर महिन्याच्या सुमारास पिल्ले देतात आणि सहा महिन्यांत त्याच टबात कित्येक पट मासे झालेले असतात. सुरुवातीला निवळलेले पाणी नंतर अचानक बिघडते त्यामागे बहुधा हेच असते. गोल्डफिश असतील तर इतक्या पाण्यात दोनही जास्तच, कारण ते हाताच्या पंज्याहून मोठे होतात आणि त्यांची विष्ठाही त्याच प्रमाणात वाढते. कोई अशा टबात ठेवूच नयेत. संख्या कमी करायची तर मोठे कुंड असलेल्या कोणाला तरी मासे द्यावेत किंवा विक्रेत्याला परत करावेत. ते, आणि टबातून काढलेल्या पिस्टिया, जलपर्णी यांसारख्या वनस्पती, नदी, तलाव किंवा ओढ्यात सोडू नयेत. वनस्पती उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये टाकाव्यात.

टबच फार उथळ किंवा लहान असेल, म्हणजे पाणी ३० सेंटीमीटरहून कमी खोल किंवा १०० लीटरच्या आत असेल, तर दुपारचे तापमान इतके चढते की वरचे सर्व उपाय अपुरे पडतात: पाणी २० अंशांना लीटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते, ३० अंशांना जेमतेम साडेसात. अशा टबात मासे न ठेवता फक्त लिली लावावी, आणि डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून बीटीआय या जिवाणूजन्य अळीनाशकाची गोळी वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीने टाकत राहावी.